शेवटची सोबत : 'टेकिंग चान्स' आणि घरी परतणारे देह

'टेकिंग चान्स' हा जेमतेम सव्वा तासाचा अमेरिकी चित्रपट युद्धपटांच्या यादीत घातला जातो, पण त्यात युद्ध दिसत नाही. आरंभी पडदा काळा असतो. वाहनांचे, माणसांच्या ओरडण्याचे, स्फोटाचे आवाज तेवढे कानांवर येतात आणि तिथेच रणांगण संपते. पुढे उरतो तो एका देहाचा प्रवास. इराकमध्ये मारला गेलेला एकोणीस वर्षांचा मरीन सैनिक चान्स फेल्प्स आपल्या माणसांत कसा पोचला, एवढीच या चित्रपटाची गोष्ट. त्याच्यासोबत जाणारा अधिकारी लेफ्टनंट कर्नल मायकेल स्ट्रोबल. या दोघांची जिवंतपणी कधी गाठ पडलेली नव्हती.

आपल्याकडे मयताच्या घरी रात्र काढायची तर त्याला 'सोबत करणे' म्हणतात. देह एकटा ठेवायचा नाही, कुणीतरी जागायचे, समई विझू द्यायची नाही. हा चित्रपट पाहताना मराठी प्रेक्षकाला हाच शब्द आठवावा इतका तो त्या एका कल्पनेने भारलेला आहे. स्ट्रोबलला सैन्याच्या भाषेत 'एस्कॉर्ट' म्हणतात. त्यासाठी आपण संरक्षक, पहारेकरी, मार्गरक्षक असे शब्द वापरू, आणि तिन्ही इथे चुकीचे ठरतील. तो सोबती आहे. रॉस कॅट्झ या दिग्दर्शकाला हे नेमके उमगले आहे, आणि चित्रपटाचे बळ त्यातच आहे. त्याची उणीवही मला त्याच ठिकाणी दिसते, पण त्याकडे मागाहून येऊ.

हकीकत खरी आहे. ९ एप्रिल २००४ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, इराकमधल्या रमादी शहराबाहेर चान्स फेल्प्स मारला गेला. व्हर्जिनियातल्या क्वांटिको तळावर मनुष्यबळाचे हिशेब सांभाळणाऱ्या स्ट्रोबलने मृतांच्या यादीत त्याचे नाव पाहिले. कोलोरॅडोतले गाव आपल्या गावाजवळचे आहे, हे वाचून त्याने स्वतःहून सोबतीला जाण्याची तयारी दाखवली. दफन मात्र वायोमिंगमधल्या डुबॉइस या लहानशा गावी व्हायचे होते. डेलावेअरमधल्या डोव्हर तळावरून शववाहिनीने फिलाडेल्फिया, तिथून प्रवासी विमानाने मिनियापोलिस, पुन्हा विमानाने मोंटानातले बिलिंग्ज आणि तिथून काही तास मोटारीने, असा तो मार्ग. मृत्यूनंतर आठव्या दिवशी, १७ एप्रिलला, चान्सला मूठमाती मिळाली. परतल्यावर स्ट्रोबलने या प्रवासाचे टिपण लिहिले. ते छापून आणावे असा त्याचा बेत नव्हता. ते हातोहात पसरले, हजारो लोकांनी वाचले, आणि पाच वर्षांनी त्यावर चित्रपट झाला. पटकथेवर कॅट्झबरोबर स्ट्रोबलचेही नाव आहे. केव्हिन बेकनने स्ट्रोबलची भूमिका केली आणि तिच्यासाठी त्याला गोल्डन ग्लोब मिळाले.

अभिनयाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. बेकन जवळजवळ काहीच 'करत' नाही, आणि तेच योग्य आहे. पेटी विमानात चढताना आणि उतरताना तो हात सावकाश कपाळाकडे नेतो, क्षणभर तिथे ठेवतो, तितक्याच सावकाश खाली आणतो. अशी मानवंदना चित्रपटात किती वेळा येते ते मी मोजले नाही, पण प्रत्येक वेळी कॅमेरा तेवढाच वेळ थांबतो. दिग्दर्शकाला कुठेही घाई नाही.

पूर्वार्धातली खरी पात्रे म्हणजे हात. बर्फाच्या पिशव्या ठेवणारे हात, पट्टे आवळणारे हात, चिठ्ठीवरचा क्रमांक ताडून पाहणारे हात. डोव्हरच्या शवागारात चान्सचा देह आपल्याला अखंड असा दिसतच नाही. दिसतो तो धुतला जाणारा हात, पायाचा थोडासा भाग. त्याच्या मनगटावरचे घड्याळ, गळ्यातले पदक, ओळखीचे बिल्ले हे सारे कुणीतरी काळजीने स्वच्छ करून एका छोट्या थैलीत घालते. गणवेश शिवून, इस्त्री करून, पदके जागच्या जागी लावून तयार होतो. पेटी घरी उघडली जाणार नाही, हा गणवेश कुणाच्या दृष्टीस पडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी शिलाईत सुरकुती राहत नाही. स्ट्रोबल शेवटच्या टप्प्यावर पेटी उघडून गणवेश तपासतो तेव्हा त्या अदृश्य कारागिरांना एकमेव प्रेक्षक मिळतो. आपल्याकडे घरातल्या बायका शेवटच्या आंघोळीचे पाणी ज्या हातांनी घालतात, ते हात इथे पगारी आणि सरकारी आहेत, एवढाच फरक. सरकारी काम इतक्या मायेने होऊ शकते, हे पाहून आपल्याला थोडे ओशाळल्यासारखे होते.

मात्र देह घरी येणे ही सैन्याच्या इतिहासातली जुनी रीत नव्हे. जिथे पडला तिथेच त्याची माती, हाच शतकानुशतकांचा नियम. पहिल्या महायुद्धात ब्रिटनने १९१५ साली मृतांना मायदेशी आणण्यावर बंदीच घातली. लॉर्डाचा मुलगा घरच्या दफनभूमीत आणि मजुराचा मुलगा फ्रान्सच्या चिखलात, असा भेद नको हे त्यामागचे एक कारण होते. अमेरिकेने निर्णय कुटुंबांवर सोपवला आणि युद्ध संपल्यावर सुमारे ४६ हजार देह जहाजांतून घरी आले. लढाई चालू असतानाच देह परत पाठवण्याची पद्धत कोरियाच्या युद्धात सुरू झाली.  घरी येणारा देह हा असा अगदी अलीकडचा पाहुणा आहे.

याच इराकच्या भूमीवर, जिला तेव्हा मेसोपोटेमिया म्हणत, मराठा पलटणी लढल्या होत्या. १९१६ साली कुतच्या वेढ्यात सापडलेल्या फौजेत त्या होत्या. रमादी १९१७ साली ज्या ब्रिटिश फौजेने घेतले तिच्यातही हिंदी सैनिक मोठ्या संख्येने होते. सातारा-रत्नागिरीकडच्या काही गावांत आजही एक दगडी पाटी सापडते. या गावातून इतके लोक महायुद्धावर गेले, त्यांपैकी इतके कामी आले, एवढाच त्यावरचा मजकूर. नाव नाही. गावी पोचला तो एक आकडा. चान्स फेल्प्सच्या पेटीबरोबर त्याचे घड्याळही आईवडिलांपर्यंत जाते आणि आमच्या गावच्या माणसाचे नावसुद्धा पाटीपर्यंत पोचत नाही. हे अंतर केवळ काळाचे नाही. साम्राज्याच्या सैनिकाचा आणि नागरिक-सैनिकाचा फरक त्यात आहे. 'टेकिंग चान्स'मधली हळुवार काळजी पाहताना ही पाटी नजरेआड करता येत नाही.

आता डोव्हरविषयी थोडे. परदेशी युद्धात मेलेला अमेरिकी सैनिक याच तळावर उतरतो. देह ज्या अॅल्युमिनियमच्या पेटीतून येतो तिला सैन्य शवपेटी म्हणत नाही, 'ट्रान्सफर केस' म्हणते. विमानातून ती उतरवण्याच्या विधीला समारंभ म्हणत नाही, 'डिग्निफाइड ट्रान्सफर' म्हणते, म्हणजे सन्मानपूर्वक हस्तांतरण. शब्दांबाबतची ही सावधगिरी उगाच आलेली नाही. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने पनामावर स्वारी केली तेव्हा दूरचित्रवाणीच्या पडद्याचे दोन भाग झाले. एका बाजूला पत्रकारांशी हसतखेळत बोलणारे राष्ट्राध्यक्ष थोरले बुश आणि दुसऱ्या बाजूला त्याच क्षणी डोव्हरला उतरणाऱ्या पेट्या. १९९१ च्या आखाती युद्धात डोव्हरच्या छायाचित्रांवर बंदी आली. कारण दिले ते कुटुंबांच्या खासगी दुःखाचे. पुढे तिला अपवाद झाले, पण २००३ साली इराकवर चढाई होताना ती पुन्हा कडक झाली.

एप्रिल २००४ मध्ये त्या बंदीला तडा गेला. १८ तारखेच्या रविवारी, चान्सच्या दफनाच्या दुसऱ्याच दिवशी, 'सिएटल टाइम्स'ने पहिल्या पानावर एक छायाचित्र छापले. कुवेतमधल्या मालवाहू विमानाच्या पोटात झेंड्यांनी झाकलेल्या पेट्यांच्या रांगा आणि त्यांवर वाकून पट्टे आवळणारे सैनिक. ते तिथे काम करणाऱ्या एका कंत्राटी कर्मचारी बाईने काढले होते. तिचे म्हणणे साधे होते. आपल्या मुलांना किती जपून घरी पाठवले जाते ते त्यांच्या आयांना कळावे. तिची नोकरी गेली.

स्ट्रोबलचे टिपण आणि हे छायाचित्र एकमेकांशेजारी ठेवून पाहावे, असे मला फार वाटते. दोन्ही एकाच महिन्यातल्या अनुभवातून आली, दोहोंचा विषय एक आणि सांगणे तर अक्षरशः एकच : तुमच्या लेकरांना आम्ही नीट हाताळतो आहोत. अधिकाऱ्याचे लेखन डोक्यावर घेतले गेले आणि कामगार बाईला घरी बसवले गेले. हा फरक पदाचा आहे हे उघड दिसते, पण तो माध्यमाचाही आहे. स्ट्रोबलच्या गद्यात एक पेटी आहे, तिला नाव आहे, तिच्यामागे आईवडील आहेत. छायाचित्रात वीसहून अधिक पेट्या आहेत आणि नाव एकाचेही नाही. एका पेटीबरोबर चालणारा माणूस हळहळतो. पेट्यांची रांग पाहणारा माणूस मोजू लागतो, आणि मोजणाऱ्याला पुढचा प्रश्न सुचतोच. सत्तेला नकोसे होते ते हे मोजणे.

'टेकिंग चान्स' तो प्रश्न विचारत नाही. हे युद्ध का झाले, चान्स रमादीला काय करत होता, त्याला तिथे कुणी आणि कशासाठी पाठवले, याबद्दल चित्रपट अवाक्षर काढत नाही. अनेक परीक्षकांनी याला संयम म्हटले, काहींनी पळवाट म्हटले. मला वाटते, शोकाच्या घरात राजकारण काढू नये हा सभ्यपणा खरा आहे, आणि स्ट्रोबलपुरता तो प्रामाणिकही आहे. स्वतः आखाती युद्ध पाहिलेला हा माणूस इराकला न जाता कचेरीत बसला, ही बोच त्याला खाते. कोरियाच्या युद्धातल्या एका म्हाताऱ्या सैनिकापाशी तो ती बोलून दाखवतो, तो प्रसंग चित्रपटातला सर्वांत सच्चा आहे. पण एक माणूस म्हणून स्ट्रोबलला शोभणारे मौन चित्रपटाने स्वतःचेच मौन म्हणून उचलले, तिथे गफलत झाली. पात्राला दिसत नाही ते कलाकृतीने दाखवायचे असते. इथे कॅमेरा स्ट्रोबलच्या खांद्यापलीकडे कधी जातच नाही.

काळाचा योगायोग असा, की 'टेकिंग चान्स' एचबीओवर २१ फेब्रुवारी २००९ रोजी दाखवला गेला आणि २६ फेब्रुवारीला संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी डोव्हरवरची बंदी उठवल्याचे जाहीर केले. कुटुंबाची संमती असेल तर छायाचित्रकारांना येऊ द्यायचे ठरले. चित्रपटामुळे बंदी उठली असे मुळीच नाही. पण अठरा वर्षे प्रेक्षकाला जे पाहू दिले नव्हते ते आधी नटांनी करून दाखवले आणि पाच दिवसांनी खरे पाहण्याची परवानगी मिळाली. नक्कल अस्सलाच्या आधी पोचली.

या चित्रपटाकडे पाहण्याचा माझा दृष्टिकोन ज्याने बदलला तो तपशील मात्र वेगळा आहे. चित्रपटाचा गाभा आहे अनोळखी माणसे. तिकीटखिडकीवरची बाई स्ट्रोबलला वरच्या वर्गात जागा देते. हवाई सेविका त्याच्या हाती एक छोटा क्रूस ठेवते. सामान चढवणारे कामगार टोप्या काढून उभे राहतात. विमान उतरल्यावर वैमानिक प्रवाशांना विनंती करतो, की या अधिकाऱ्याला आधी उतरू द्या, आणि सगळे बसून राहतात. वायोमिंगच्या रस्त्यावर शववाहिनी ओलांडून पुढे जाणाऱ्या मोटारीला आत काय आहे ते उमगते. ती दिवे लावून तिच्यापुढे संथ चालू लागते, मागच्या गाड्याही दिवे लावतात, आणि कुणी न सांगता एक मिरवणूक तयार होते. अंत्ययात्रा दिसताच चपला काढून हात जोडणारी, दोन पावले तरी सोबत चालणारी माणसे आपल्याकडे अजून आहेत. त्यांना हे दृश्य समजावून सांगावे लागणार नाही. हा अनोळखी माणसांनी दिलेला खांदा आहे.

आणि चित्रपट पडद्यावर आला तेव्हा हा खांदा देण्याची सोय कायद्याने संपलेली होती. प्रवासी विमानाच्या पोटात, सुटकेसींच्या शेजारी, सरकत्या पट्ट्यावरून आपला मुलगा घरी येतो, हे अनेक कुटुंबांना असह्य झाले होते. काही आईबापांनी आवाज उठवला. काँग्रेसने संरक्षण खर्चाच्या कायद्यात तरतूद केली आणि १ जानेवारी २००७ पासून डोव्हरहून पुढचा प्रवास लष्करी किंवा लष्कराने भाड्याने घेतलेल्या स्वतंत्र विमानाने होऊ लागला. घराजवळच्या विमानतळावर मानवंदनेचे पथक हजर राहील, हेही त्यातच आले. म्हणजे 'टेकिंग चान्स' ज्या प्रवासाला पावित्र्य देतो तोच प्रवास आईबापांनी अपमान म्हणून नाकारला होता. एकाच पट्ट्यावरची एकच पेटी. स्ट्रोबलला तिच्याभोवती टोप्या काढलेले कामगार दिसले, बापाला सामान दिसले.

बापाचे चुकले असे कोण म्हणेल? माझ्या मुलाला बॅगांसोबत पाठवू नका, ही मागणी रास्तच होती. पण तिच्यामुळे झाले काय, तेही पाहिले पाहिजे. छोटे विमान डोव्हरहून सुटते आणि थेट गावाजवळ उतरते. तिथे झेंडे घेऊन उभे राहणारे लोक असतात, पण ते गावचे, ओळखीचे, आधीच हळहळणारे. वाटेतला अनोळखी माणूस वगळला गेला. सुट्टीला निघालेला, कामावर निघालेला, युद्धाचा विचारही न करणारा प्रवासी, ज्याला खिडकीतून अचानक खाली झेंड्यात गुंडाळलेली पेटी दिसायची आणि हातातले मासिक मिटावेसे वाटायचे, त्याला ती आता दिसत नाही. सन्मान वाढला तसे दर्शन कमी झाले. चित्रपट पाहणाऱ्याला वाटते, आपला देश असा आहे. खरे म्हणजे तो देश दोन वर्षांपूर्वी असा होता.

ब्रिटनमध्ये हेच उलट्या बाजूने घडले. २००७ पासून देह लिनहॅमच्या हवाई तळावर उतरू लागले आणि शववाहिन्या वूटन बॅसेट या बाजारपेठेच्या गावातून जाऊ लागल्या. कुणी आदेश दिला नव्हता. काही निवृत्त सैनिक रस्त्याकडेला उभे राहिले, मग दुकानदार, मग शेकडो लोक, आणि चार वर्षे हा शिरस्ता चालला. विमाने २०११ मध्ये दुसऱ्या तळावर गेली आणि गावाला 'रॉयल' ही उपाधी मिळाली. त्या गर्दीने युद्धाबद्दल काही म्हटले नाही, पण दर वेळी किती पेट्या गेल्या ते तिने पाहिले. म्हणूनच पुढे ती सरकारला जड झाली असावी, असा माझा कयास.

'टेकिंग चान्स'शेजारी वाचावे असे एक गद्यही आहे. ११ नोव्हेंबर २००५ रोजी डेन्व्हरच्या 'रॉकी माउंटन न्यूज'मध्ये जिम शीलर यांचा 'फायनल सॅल्यूट' हा दीर्घ वृत्तान्त आला. छायाचित्रे टॉड हाइस्लर यांची. दोघांनाही २००६ चे पुलित्झर मिळाले. शीलर हे मृत्यूची बातमी घेऊन दाराशी जाणाऱ्या एका मरीन अधिकाऱ्याबरोबर वर्षभर हिंडले. त्यांच्या लेखनातही प्रवासी विमान आहे. विमानतळावर सैनिक पेटी उतरवत आहेत आणि वरच्या खिडक्यांतून प्रवाशांचे चेहरे खाली पाहत आहेत, हे हाइस्लरचे छायाचित्र एकदा पाहिले की विसरता येत नाही. दुसऱ्या एका छायाचित्रात गरोदर विधवा दफनाच्या आदल्या रात्री पेटीपुढे गादी टाकून पडली आहे आणि संगणकावर दोघांची आवडती गाणी ऐकते आहे. जवळ एक मरीन ताठ उभा आहे.

हा उभा मरीन म्हणजे स्ट्रोबल. पण इथे मध्यभागी तो नाही, ती आहे. शीलर सोबत करणाऱ्याकडून निघून जिच्यासाठी सोबत करायची तिच्यापर्यंत जातात. कॅट्झचा चित्रपट शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांत घरच्यांपाशी येतो तेव्हा त्याला त्यांच्याशी काय बोलावे तेच सुचत नाही. आईवडील शालीन आहेत, कृतज्ञ आहेत, आणि जवळजवळ निःशब्द आहेत. स्ट्रोबल घड्याळ, पदक, बिल्ले सुपूर्द करतो, वाटेत भेटलेल्या लोकांबद्दल सांगतो. आईला एवढेच ऐकायचे असते का? तिला राग आला नसेल का? चित्रपटातल्या एकाही माणसाला राग येत नाही, ही त्याची मोठी उणीव आहे. विमानतळावरचा तपासनीस तेवढा स्ट्रोबलला चान्सच्या वस्तूंची थैली यंत्रातून जाऊ द्यायला सांगतो आणि स्ट्रोबलचा आवाज चढतो. संतापाला चित्रपटाने एवढीच वाट ठेवली आहे : एका गरीब पहारेकऱ्यावर.

जाता जाता, 'रॉकी माउंटन न्यूज'चा शेवटचा अंक २७ फेब्रुवारी २००९ ला निघाला. गेट्स यांच्या घोषणेच्या दुसऱ्या दिवशी. पेट्या पाहण्याची मुभा मिळाली आणि वर्षभर एका विषयामागे वार्ताहर पाठवू शकणारे पत्र बंद पडले.

डोव्हरची दुसरी बाजू नोव्हेंबर २०११ मध्ये उघड झाली. शवागारातल्या कर्मचाऱ्यांनीच तक्रार केली होती. अवयवांचे भाग हरवले होते, त्यांची नोंद नीट ठेवली गेली नव्हती. त्याच सुमारास 'वॉशिंग्टन पोस्ट'ने छापले, की स्फोटात छिन्नविच्छिन्न झालेल्या किमान २७४ सैनिकांच्या देहांचे काही अंश जाळून त्यांची राख व्हर्जिनियातल्या कचराभूमीत टाकली गेली होती, आणि कुटुंबांना ते सांगितले नव्हते. ही पद्धत २००८ साली बंद झाली. म्हणजे चान्सचे घड्याळ धुतले गेले त्याच इमारतीतून त्याच वर्षांत हेही होत होते.

यामुळे चित्रपट खोटा ठरतो का? मला तसे वाटत नाही. तक्रार करणारे हात आणि घड्याळ पुसणारे हात एकाच जातीचे आहेत. ज्याला त्या कामाचे मोल कळले होते त्यालाच त्यातली हयगय सोसवली नाही. पण चित्रपटाने काय निवडले ते यातून नीट दिसते. त्याने एक जवळजवळ अखंड देह निवडला. रस्त्याकडेला पुरलेल्या स्फोटकांनी माणसांच्या शरीराचे काय केले, पेटीत नेमके किती आणि काय होते, हा त्या युद्धातला सर्वांत भयानक प्रश्न त्याने दारातच अडवला. पेटी बंद आहे, एवढेच तो सांगतो.

पेटी उघडण्याचा हट्ट धरणारा एक चित्रपट आहे. रिचर्ड लिंकलेटर यांचा २०१७ चा 'लास्ट फ्लॅग फ्लाइंग', डॅरिल पोनिक्सन यांच्या कादंबरीवरचा. त्यातला बाप डोव्हरला जातो, आपल्या व्हिएतनामच्या काळातल्या दोन मित्रांना घेऊन. मुलगा वीरासारखा लढताना पडला असे सैन्य सांगते. मुलाचा सोबती खरे बोलून जातो : सगळ्यांसाठी शीतपेये विकत घ्यायला थांबलेला असताना मागून गोळी लागली. बाप आर्लिंग्टनची सन्मानाची जागा नाकारतो आणि पेटी स्वतः घरी न्यायला निघतो. भाड्याची गाडी, मग आगगाडी. चित्रपट म्हणून तो अघळपघळ आहे, तीन म्हाताऱ्यांच्या गप्पा लांबतात, विनोद काही जागी ओढून आणलेला आहे. तरी त्यात 'टेकिंग चान्स'मध्ये नसलेली एक गोष्ट आहे. देह कुणाचा, सैन्याचा की बापाचा, हा प्रश्न तो विचारतो. शेवटी मुलगा गणवेशातच पुरला जातो, म्हणजे उत्तर सैन्याच्या बाजूने झुकते, पण तोवर वाद तर झालेला असतो.

आपल्याकडे देह घरी येऊ लागले ते कारगिलपासून, १९९९ साली. १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांत बहुतेकांचा अंत्यविधी आघाडीजवळच होई आणि घरी येई ती तार, मागाहून ट्रंक. कारगिलच्या ५२७ मृतांपैकी बहुसंख्यांना सरकारने त्यांच्या गावी पोचवले, आणि पहिल्यांदाच तिरंग्यातली पेटी गावोगाव, दूरचित्रवाणीवरून घरोघर दिसली. त्या पेट्यांचा अमेरिकेशी थेट संबंधही आहे : अडीच हजार डॉलरला एक, या भावाने पाचशे अॅल्युमिनियमच्या पेट्या तिथल्या एका कंपनीकडून घ्यायचे ठरले, नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २००१ साली त्यावर ताशेरे ओढले, संसद दणाणली, खटला झाला आणि आरोप न्यायालयात टिकले नाहीत. पेटीचा भाव आपण खूप चर्चिला. पेटीच्या प्रवासाकडे मात्र आपल्या चित्रपटांनी क्वचितच पाहिले. 'शेरशाह'मध्ये (२०२१) पालमपूरचा अंत्यविधी येतो, पण तोवर नायकाची गोष्ट संपलेली असते आणि पार्श्वसंगीताने सूत्रे हाती घेतलेली असतात. अश्विनी चौधरी यांच्या 'धूप'ने (२००३) वेगळी वाट धरली. त्यातले आईवडील मुलाच्या मृत्यूनंतर मिळालेल्या पेट्रोलपंपासाठी कचेऱ्यांचे उंबरे झिजवतात. तिथे राग आहे, भरपूर आहे. 'टेकिंग चान्स'ला हवा होता तो हाच.

आणि 'टेकिंग चान्स'कडे आहे ते आपल्याकडे नाही. पार्थिव पुण्याला, नागपूरला विमानाने येते, लष्कराच्या गाडीतून गावाकडे निघते. वेशीपासून फुले, घोषणा, मोटारसायकली. पालकमंत्री, जिल्हाधिकारी पुष्पचक्र वाहतात, हवेत फैरी झडतात, घडी घातलेला तिरंगा पत्नीच्या किंवा आईच्या हाती दिला जातो. या सगळ्यात पलटणीतून आलेला एक जवान किंवा सुभेदार असतो. बर्फाळ ठाण्यापासून तो पेटीबरोबर आहे. विमानात तिच्याशेजारी बसून आला, गाडीत तिच्यावर हात ठेवून आला. घरच्यांना सांगायच्या गोष्टी फक्त त्यालाच माहीत असतात, पण माईक त्याच्यापुढे येत नाही. बातमीच्या छायाचित्रात तो कडेला अर्धा दिसतो. संध्याकाळी गर्दी पांगल्यावर ओसरीवर कुणीतरी त्याला चहा देते, आणि मग घरातले एक माणूस त्याच्याजवळ येऊन हळूच बसते.